मायक्रोकंट्रोलरवर लो-स्पीड यूएसबी चालू करताना: तारेपासून डिस्क्रिप्टरपर्यंतचा नेमका क्रम

बोर्ड जोडला, संगणकाने ‘अनोळखी यूएसबी डिव्हाइस’ म्हटलं, की बहुतेक जण लगेच डिस्क्रिप्टरची (डिव्हाइसने संगणकाला द्यायच्या ओळखपत्राची) फाइल उघडून एकेक बाइट तपासायला बसतात. चूक बहुधा तिथे नसतेच. पुल-अप (तार वर ओढणारा रेझिस्टर) चुकीच्या तारेवर असतो, क्लॉक दोन-तीन टक्क्यांनी सरकलेला असतो, किंवा चिपने पहिलं सेटअप पॅकेट (संगणकाची मागणी) घेऊन पुढचं सगळं बंद करून ठेवलेलं असतं. हे तिन्ही दोष संगणकावर अगदी एकसारखे दिसतात. म्हणून खालून वर जायचं: आधी तार, मग क्लॉक, मग रिसेट, मग एंडपॉइंट शून्य (संगणकाच्या मागण्या येतात तो मार्ग) आणि शेवटी डिस्क्रिप्टर. प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र चाचणी आहे. ती उतरल्याशिवाय पुढच्या टप्प्यातल्या कोडला हात लावू नका.

## सुरू करण्याआधी: कोणतं काम कोणाचं, हे ठरवा

लो-स्पीड म्हणजे सेकंदाला १५ लाख बिट. एक बिट सुमारे ६६७ नॅनोसेकंदांचा. या वेगाने तारेवरचे बिट ओळखणं, एनआरझेडआय (तारेवरची बिटांची सांकेतिक पद्धत) उलगडणं, स्टफ केलेले (वेळ जुळवायला मध्ये घातलेले) बिट काढणं, सीआरसी (चूक पकडणारा आकडा) तपासणं, पत्ता आपला आहे का ते पाहणं आणि लगेच एसीके (‘मिळालं’) किंवा एनएके (‘आत्ता नाही’) पाठवणं, एवढं काम कोणीतरी करावंच लागतं.

पीआयसी१८एफ२५५० सारख्या चिपमध्ये हे काम सिरिअल इंटरफेस इंजिन, म्हणजे एसआयई, करतं. फर्मवेअरला फक्त तयार बफर आणि एक इंटरप्ट मिळतो. एटीटायनी८५ किंवा एटीमेगा३२८ मध्ये असं इंजिन नाही. तिथे व्ही-यूएसबीसारखी लायब्ररी साध्या पिनांवर, सायकल मोजून लिहिलेल्या असेंब्लीत हेच सगळं करते. तुमची चिप कोणत्या गटातली, यावर पुढे काय तपासायचं ते ठरतं. एसआयई असेल तर सीआरसीचा विचारही करू नका. चूक रजिस्टर आणि बफरमध्ये शोधा. सॉफ्टवेअर यूएसबी असेल तर पहिला संशय नेहमी वेळेवर घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा: तुमचं काम लो-स्पीडमध्ये बसतं का? इथे कंट्रोल आणि इंटरप्ट हे दोनच ट्रान्सफर चालतात. बल्क (मोठा डेटा) नाही, आयसोक्रोनस (ठरल्या वेळेचा अखंड प्रवाह) नाही. एका डेटा पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ८ बाइट, आणि इंटरप्ट एंडपॉइंटसाठी मागता येणारी सगळ्यात लहान पाळी १० मिलिसेकंदांची. म्हणजे एका एंडपॉइंटवरून हक्काचे सेकंदाला ८०० बाइट. एंडपॉइंट शून्याशिवाय आणखी दोनच मिळतात. माउस, कीबोर्ड, नॉब, बटणांचा पॅनेल, सावकाश मोजणारा सेन्सर यांना हे भरपूर आहे. व्हर्च्युअल सिरिअल पोर्टला मात्र बल्क एंडपॉइंट लागतात. लो-स्पीडवर तो चालवण्याच्या युक्त्या सापडतील, पण त्या नियमाबाहेरच्या आहेत. आज एका संगणकावर चालेल, उद्या दुसऱ्यावर अडेल. त्या वाटेला जाऊ नका.

हाताशी मल्टिमीटर हवाच. शक्य असेल तर सेकंदाला किमान १.२ कोटी सॅम्पल घेणारा, यूएसबी उलगडून दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर ठेवा. शिवाय लिनक्स असलेला संगणक जवळ असू द्या, कारण त्याचा कर्नल लॉग चुकीचं कारण बऱ्यापैकी स्पष्ट सांगतो.

## टप्पा १: तार आणि व्होल्टेज

होस्टच्या, म्हणजे संगणकाच्या, बाजूला डी प्लस आणि डी मायनस या दोन्ही तारांवर १५ किलोओहमचे पुल-डाउन असतात. डिव्हाइसने त्यातली एक तार १.५ किलोओहमने वर ओढली की होस्टला कळतं, काहीतरी जोडलं गेलं. लो-स्पीडसाठी ती तार डी मायनस. डी प्लसवर पुल-अप लावला तर होस्ट डिव्हाइसला फुल-स्पीड समजतो, आठपट वेगाने बोलू लागतो आणि पुढे काहीच जुळत नाही. फुल-स्पीडचा सर्किट नमुना उचलून वापरणाऱ्यांची ही ठरलेली चूक.

दुसरी चूक पुल-अपच्या वरच्या टोकाची. तिथे ३.० ते ३.६ व्होल्ट हवेत. चिप ५ व्होल्टवर चालते म्हणून तोही ५ व्होल्टला जोडला, तर रिकाम्या तारेवर सुमारे ४.५ व्होल्ट येतात आणि हे मर्यादेच्या बरंच बाहेर आहे. ५ व्होल्टच्या चिपवर सॉफ्टवेअर यूएसबी करत असाल तर दोन मार्ग आहेत. एक, चिपलाच ३.३ व्होल्ट द्या. पण त्या व्होल्टेजला तुमची क्लॉक फ्रिक्वेन्सी डेटाशीटच्या मर्यादेत बसते का ते पाहा. दोन, दोन्ही तारांवर ३.६ व्होल्टचे झेनर आणि प्रत्येकी ६८ ओहमचा सिरीज रेझिस्टर लावा. झेनर लहान वॅटचे घ्या, अर्धा वॅट किंवा त्याहून कमी. एक वॅटच्या झेनरची कपॅसिटन्स जास्त असते, तिने सिग्नलच्या कडा गोल होतात आणि बिट चुकीचे वाचले जातात.

पीआयसीमध्ये ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर चिपच्या आतच असतो, पण त्याच्या पिनवर सुमारे २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो विसरला तर डिव्हाइस कधी ओळखलं जातं, कधी नाही.

तपासा: बोर्ड जोडून डी मायनस मोजा. ३.३ व्होल्टचा पुल-अप आणि होस्टचा १५ किलोओहम मिळून जवळपास ३.० व्होल्ट दिसायला हवेत, आणि डी प्लस शून्याजवळ. लिनक्सच्या लॉगमध्ये ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ आली तर हा टप्पा उतरला. तिथे ‘फुल-स्पीड’ दिसलं तर तारा उलट्या आहेत. काहीच आलं नाही तर पुल-अप तारेपर्यंत पोहोचलेलाच नाही.

पुल-अप थेट सप्लायला न जोडता एखाद्या पिनवरून किंवा चिपच्या रजिस्टरमधून चालू-बंद करता आला तर उत्तम. प्रोग्राम नव्याने भरल्यावर चिप रिसेट होते आणि तिचा पत्ता पुन्हा शून्य होतो, पण होस्टला तार सुटलेली दिसलेली नसते. तो जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. म्हणून सुरुवातीला पुल-अप २५० मिलिसेकंद बंद ठेवून मग चालू करा. केबल काढून पुन्हा लावल्यासारखंच होतं.

## टप्पा २: क्लॉक

डिव्हाइसच्या वेगाला १.५ टक्क्यांची सूट आहे, वर किंवा खाली. फुल-स्पीडच्या ०.२५ टक्क्यांपुढे ही सूट उदार वाटते, पण चिपमधला कच्चा आरसी ऑसिलेटर तीतही बसत नाही. एटीटायनी८५ चा अंतर्गत ऑसिलेटर कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. क्रिस्टल लावता येत असेल तर लावा आणि हा प्रश्न मिटवा.

क्रिस्टलसाठी पिन उरत नसतील तर एक चांगला उपाय होस्टच पुरवतो. लो-स्पीड तारेवर दर मिलिसेकंदाला ‘मी आहे’ सांगणारा एक छोटा पल्स येतो. दोन पल्समधला वेळ स्वतःच्या सायकलमध्ये मोजायचा आणि ऑसिलेटरचं कॅलिब्रेशन रजिस्टर त्याप्रमाणे हलवायचं. व्ही-यूएसबी एटीटायनी८५ वर ऑसिलेटर १६.५ मेगाहर्ट्झवर आणते ती याच पद्धतीने, बस रिसेट झाल्यानंतर लगेच.

सॉफ्टवेअर यूएसबीत कोणतीही फ्रिक्वेन्सी चालत नाही. १२ मेगाहर्ट्झला एका बिटमागे बरोबर ८ सायकल मिळतात आणि असेंब्ली त्याच हिशेबाने लिहिलेली असते. कॉन्फिगरेशन फाइलमधली फ्रिक्वेन्सी, फ्यूज (चिपमधल्या पक्क्या सेटिंग) आणि क्रिस्टल, तिन्ही जुळली पाहिजेत. क्लॉक आठाने भागणारा फ्यूज तसाच राहून जाणं हे तर नेहमीचंच.

पीआयसीसारख्या चिपमध्ये वेग निवडायचा बिट वेगळा आणि यूएसबी क्लॉकची निवड वेगळी. लो-स्पीडला त्या मोड्यूलला ६ मेगाहर्ट्झ लागतात, फुल-स्पीडला ४८. एक बदलून दुसरं विसरलं, तर व्होल्टेज बरोबर, ओळखही ‘लो-स्पीड’ अशीच, पण उत्तर एकही नाही.

तपासा: एका पिनवर टायमरने चौकोनी लहर काढा आणि अ‍ॅनालायझरवर मोजा. एक टक्क्याच्या आत असेल तर पुढे जा. ‘एलईडी बरोबर सेकंदाला लुकलुकतो’ ही चाचणी इथे पुरत नाही. डोळ्याला तीन टक्के कळत नाहीत.

## टप्पा ३: बस रिसेट

जोडणी दिसल्यावर होस्ट दोन्ही तारा एकदम खाली ओढतो आणि किमान १० मिलिसेकंद तशाच ठेवतो. या स्थितीला एसई-शून्य म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी आणि दर मिलिसेकंदाच्या पल्समध्येही हीच स्थिती येते, पण फक्त दोन बिट, म्हणजे सुमारे १.३ मायक्रोसेकंद. अडीच मायक्रोसेकंदांहून जास्त टिकली तर तिला रिसेट धरायचं. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणारे हा फरक चुकवतात आणि मग डिव्हाइस प्रत्येक पॅकेटनंतर स्वतःला रिसेट करत बसतं.

रिसेटवर करायच्या गोष्टी याच क्रमाने करा: पत्ता शून्य, कॉन्फिगरेशन शून्य, सगळे डेटा टॉगल (पॅकेटवरची ०-१ अशी आलटून पालटून येणारी खूण) मूळ स्थितीत, शून्याशिवायचे एंडपॉइंट बंद, आणि शेवटी एंडपॉइंट शून्याचा बफर सेटअप पॅकेट घ्यायला मोकळा. शेवटची पायरी आधी केली तर नंतरच्या साफसफाईत तो बफर पुन्हा अडकतो.

इशारा: रिसेट एकदाच येतो असं धरू नका. बरेच होस्ट पहिले काही बाइट वाचून पुन्हा रिसेट देतात आणि मगच पत्ता देतात. ‘आधी झालंय’ असा फ्लॅग ठेवून दुसरा रिसेट टाळणारा कोड इथेच अडकतो.

## टप्पा ४: एंडपॉइंट शून्य आणि पहिलं सेटअप पॅकेट

सर्वाधिक वेळ इथे जातो, म्हणून इथे सावकाश चला.

होस्टची पहिली मागणी साधारण या आठ बाइटांची असते, सगळे हेक्समध्ये: ८० ०६ ०० ०१ ०० ०० ४० ००. पहिला बाइट सांगतो की डेटा डिव्हाइसकडून होस्टकडे जाणार. ०६ म्हणजे डिस्क्रिप्टर द्या. पुढचे दोन बाइट उलट्या क्रमाने वाचायचे: प्रकार १, क्रमांक ०, म्हणजे डिव्हाइस डिस्क्रिप्टर. शेवटचे दोन म्हणजे ‘६४ बाइटांपर्यंत चालेल’. डिव्हाइस डिस्क्रिप्टर १८ बाइटांचा असतो, म्हणून तो ८, ८ आणि २ अशा तीन पॅकेटांत जातो.

एक कंट्रोल ट्रान्सफर तीन भागांत होतो: सेटअप, डेटा, स्टेटस. नियम थोडे आहेत, पण एकही सैल चालत नाही.

सेटअप पॅकेटला नेहमी एसीकेच द्यायचा. एनएके किंवा स्टॉल (मागणी नाकारणं) नाही, तुम्ही कितीही कामात असा. मागचा ट्रान्सफर अर्धवट असला तरी तो सोडून नवा सुरू करायचा.

सेटअप नेहमी डेटा-शून्य टॉगलवर येतो. डेटाचा भाग डेटा-एकपासून सुरू होऊन आलटून पालटून चालतो. स्टेटस नेहमी डेटा-एक, डेटाच्या उलट दिशेने आणि रिकामा. ज्या मागणीत डेटाच नाही तिचा स्टेटस डिव्हाइसकडून होस्टकडे जातो.

होस्टने जेवढं मागितलं आणि तुमच्याकडे जेवढं आहे, त्यातलं जे कमी तेवढंच पाठवायचं. होस्टने ८ मागितले आणि तुम्ही १८ चा धागा सुरू ठेवला, तर पुढचा स्टेटस चुकतो. उलट बाजूने, होस्ट ६४ मागून पहिल्या ८ बाइटांनंतरच स्टेटसवर उडी मारू शकतो. ‘अजून १० बाइट उरलेत’ म्हणून थांबून राहिलात तर तिथेच अडकाल.

पत्ता देण्याची मागणी आली की नवा पत्ता लगेच लावू नका. स्टेटसचं रिकामं पॅकेट जुन्या पत्त्यावरूनच, म्हणजे शून्यावरूनच जायला हवं. होस्टचा त्यावरचा एसीके आल्यावर पत्ता बदला. त्यासाठी २ मिलिसेकंदांची सवड मिळते. काही चिप हे स्वतःहून करतात, काहींत फर्मवेअरने थांबायचं असतं. डेटाशीटच्या पत्ता रजिस्टरखालची टीप वाचल्याशिवाय हे गृहीत धरू नका.

एसआयई असलेल्या चिपचे इथे दोन खास सापळे आहेत. पीआयसी१८ मध्ये सेटअप पॅकेट आलं की एसआयई पीकेटीडीआयएस हा बिट स्वतः एक करतं आणि पुढची पॅकेट थांबवतं. सेटअप वाचून, उत्तराचा बफर भरून, मग फर्मवेअरने तो बिट शून्य करायचा. तो राहिला तर पहिली मागणी दिसते आणि त्यानंतर शांतता. दुसरा सापळा बफरच्या मालकीचा. मालकीचा बिट एसआयईकडे दिल्यावर त्या बफरला हात लावायचा नाही. आणि लांबी, टॉगल, पत्ता हे सगळं आधी भरून मालकीचा बिट सगळ्यांत शेवटी लिहायचा.

सॉफ्टवेअर यूएसबीत सापळा वेळेचा. होस्टचं पॅकेट संपल्यापासून उत्तर सुरू करायला साडेसात बिटवेळ मिळतात, म्हणजे ५ मायक्रोसेकंद, १२ मेगाहर्ट्झवर ६० सायकल. होस्ट १६ ते १८ बिटवेळ वाट पाहून सोडून देतो. पॅकेटची सुरुवातच हुकू नये म्हणून व्ही-यूएसबी इतर इंटरप्टांना १२ मेगाहर्ट्झवर जेमतेम २५ सायकल अडवू देते. त्यामुळे तुमच्या टायमर इंटरप्टमध्ये पहिल्याच ओळीला इंटरप्ट पुन्हा चालू करा. मुख्य लूपमधलं पोल फंक्शन दर ५० मिलिसेकंदांच्या आत बोलवा. १०० मिलिसेकंदांचा एक निष्पाप डिले एवढं सगळं मोडतो.

तपासा: लिनक्सच्या लॉगमधला एरर क्रमांक पाहा. उणे ७१ म्हणजे उत्तर आलंच नाही किंवा मोडकं आलं. टप्पा १ आणि २ कडे परत जा. उणे ११० म्हणजे चिप जिवंत आहे, एनएके देते आहे, पण फर्मवेअर बफर भरत नाही. उणे ३२ म्हणजे तुम्ही स्टॉल दिला, मागणी ओळखलीच नाही. एवढ्या तीन आकड्यांवरून शोध निम्म्याहून लहान होतो.

## टप्पा ५: डिस्क्रिप्टर

आता ती फाइल उघडा.

डिव्हाइस डिस्क्रिप्टरमध्ये एंडपॉइंट शून्याचा पॅकेट आकार ८ च हवा. फुल-स्पीडच्या नमुन्यातून ६४ तसाच उतरलेला असतो. एंडपॉइंटचाही आकार ८ किंवा कमी, आणि पाळी १० किंवा जास्त.

कॉन्फिगरेशन मागितलं की त्याच्या मागोमाग सगळी साखळी एका दमात जाते. साध्या माउससाठी कॉन्फिगरेशन ९, इंटरफेस ९, एचआयडी (माउस-कीबोर्डसारख्या उपकरणांचा गट) ९, एंडपॉइंट ७, असे ३४ बाइट. क्रम हाच. एचआयडीचा तुकडा एंडपॉइंटच्या नंतर टाकला तर काही होस्ट गोंधळतात. एकूण लांबीचं फील्ड कंपायलरकडून मोजून घ्या, हाताने लिहू नका. होस्ट आधी फक्त ९ बाइट मागतो, त्यातून ही लांबी वाचतो आणि मग पूर्ण मागतो. विजेचा आकडा २ मिलिअँपिअरच्या पटीत असतो. १०० मिलिअँपिअरसाठी ५० लिहायचे.

एक चूक फार फसवी आहे. पाठवायची लांबी ८ च्या पटीत असेल आणि होस्टने त्याहून जास्त मागितली असेल, तर ‘संपलं’ हे कळवायला शेवटी एक रिकामं पॅकेट द्यावं लागतं. स्ट्रिंग डिस्क्रिप्टरमध्ये २ बाइट शीर्षाचे आणि प्रत्येक अक्षराला २. म्हणून उत्पादनाचं नाव ३, ७ किंवा ११ अक्षरांचं असेल तेव्हाच डिव्हाइस अडतं, एक अक्षर वाढवलं की चालतं! असं दिसलं तर नाव बदलून सुटका करून घेऊ नका. रिकामं पॅकेट पाठवा.

डिस्क्रिप्टरची रचना बदलली की आवृत्तीचा क्रमांकही वाढवा. विंडोज ओळख-क्रमांक आणि आवृत्तीवरून जुनी माहिती जपून ठेवतं आणि तुमची दुरुस्ती त्याला दिसतच नाही.

## टप्पा ६: इंटरप्ट एंडपॉइंट

कॉन्फिगरेशन निवडल्याची मागणी येईपर्यंत हा एंडपॉइंट बंदच ठेवा. ती आली की टॉगल डेटा-शून्यावर आणा आणि चालू करा. पाठवण्यासारखं काही नसेल तेव्हा एनएके जाणं हेच बरोबर. जुनाच रिपोर्ट पुन्हा भरत राहिलात तर माउसचा बाण थांबत नाही.

टॉगल फक्त होस्टचा एसीके आल्यावर बदला. बफर भरतानाच बदलला तर एखादा एसीके हरवताच दोन्ही बाजू विसंगत होतात. होस्ट तुमचं पॅकेट जुनं समजून एसीके देऊन टाकून देतो. बटण दाबलं, पण पोहोचलं नाही, अशी तक्रार आली तर आधी हे पाहा.

कीबोर्डचा नेहमीचा रिपोर्ट बरोबर ८ बाइटांचा असतो. त्याला रिपोर्ट आयडी जोडला की तो ९ होतो आणि दोन पॅकेटांत फोडावा लागतो. तो आयडी खरंच हवा आहे का, ते आधी ठरवा.

## टप्पा ७: सस्पेंड, आणि मग निरनिराळे पोर्ट

तारेवर ३ मिलिसेकंद काहीच हालचाल नसेल तर डिव्हाइसने झोपायचं असतं. सॉफ्टवेअर यूएसबीत इंटरप्ट डी प्लसवर असेल तर दर मिलिसेकंदाचा पल्स दिसत नाही, कारण त्यात फक्त डी मायनस हलते. सस्पेंड ओळखायचा असेल तर ती मोजणी डी मायनसवर करा. त्यासाठी दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट खर्ची पडतो.

शेवटी बोर्ड थेट संगणकावर, मग हबमधून, आणि त्याच हबवर एखादा लो-स्पीड माउस लावून चालवा. जुन्या हबवर होस्टने त्या माउसला पाठवलेली पॅकेटही तुमच्या तारांवर येतात आणि सॉफ्टवेअर यूएसबीला तीही वाचून सोडून द्यावी लागतात. मुख्य लूपला मिळणारा वेळ तेव्हा कमी होतो. माउस जोरात हलवताना तुमची बटणं सुटू लागली, तर टप्पा ४ मधल्या इंटरप्टच्या मर्यादेकडे परत जा.